फुल फ्रेमसाठी केलेला फोन

नात्यातल्या लग्नांना मी हल्ली तोंड लपवून जातो, आणि त्याचं कारण एक कॅमेरा आहे. हसू नका. म्हणजे हसा, पण आधी पूर्ण ऐका. असा गाढवपणा सगळ्यांना जमत नाही.

मी जळगावला लग्नाचे फोटो काढतो. हे मला शिकवलं धुळ्याच्या नानांनी, माझ्या सख्ख्या काकांनी. त्यांचा तिथे स्टुडिओ होता. चुकलो की पाठीत धपाटा, असा अभ्यासक्रम. आज माझं घर चालतं ते त्या धपाट्यांवर. तर गेल्या लग्नसराईत या नानांच्या छातीत दुखलं, आठ-दहा दिवस हॉस्पिटलात होते, मग घरी आणलं. मी भेटायला गेलो का? नाही गेलो. तारखा घेतलेल्या, सोडता येत नाहीत, असं मी बायकोला सांगायचो. ती पोळ्या लाटत राहायची.

त्यातच माझा जुना कॅमेरा बसला. नवा घ्यायचा तर फुल फ्रेमच, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, हे पक्कं होतं. मंगल कार्यालयातल्या अंधारात त्याला तोड नाही. दुकानदाराने दोन बॉडी काढून दाखवल्या. लेन्स बाजूला केली की जो नुसता कॅमेरा उरतो, त्याला आम्ही बॉडी म्हणतो. पंधरा दिवस मी त्या दोघींत अडकलो. स्वतःचं लग्न ठरवताना एवढा विचार केला नव्हता. शेवटी दुकानदार वैतागला. "भाऊ, आज दुपारपर्यंत सांगा. नाहीतर एक बॉडी भुसावळच्या पार्टीला देऊन टाकतो."

आणि तेव्हा मला नाना आठवले. बघा, केव्हा आठवले ते.

फोन अक्काने उचलला. अक्का म्हणजे नानांची थोरली मुलगी. नानांची सगळी उठबस तीच करते. मी घाईत होतो, एकदम विषयालाच हात घातला.

"अक्का, नानांना विचारायचं होतं. फुल फ्रेमच घ्यायची ना?"

"कसानी फ्रेम?"

"फुल फ्रेम गं. ते ठरलंय माझं. आता फक्त बॉडीचं बघायचंय. दुपारपर्यंत उचलावी लागेल."

पलीकडून आवाज नाही. मला वाटलं, रेंज गेली. म्हणून आणखी मोठ्याने बोललो. "एक बॉडी जड आहे, खांदा देताना जीव जाईल. दुसरी हलकी आहे, पण लवकर तापते. जड आहे ती शेवटपर्यंत थंड राहते. नाना काय म्हणतात?"

तुम्हीच सांगा, आपल्याकडे फुलांची फ्रेम कोणाच्या फोटोला करतात? आणि बॉडी उचलायची, खांदा द्यायचा, हे माणूस कधी बोलतो? मला त्या क्षणी यातलं काहीही सुचलं नाही. माझ्या डोक्यात कॅमेरा होता.

"तुले काही लाज शे का?" अक्का म्हणाली. तिचा आवाज थरथरत होता. "फोन स्पीकरवर शे. नाना आठेच बठेल शेतस, बठ्ठं ऐकी राहिनात."

फोन कट. मी थोड्या वेळाने परत लावला, तर बंद. मला वाटलं, बॅटरी गेली असेल. बायकांना चार्जिंगचं भान नसतं, असंही मी वर बायकोला म्हणालो.

इकडे अक्काने फोन बंद करण्याआधी यावलला बहिणीला रडत रडत सगळं सांगितलं होतं. बहिणीने ते केळीच्या बागेत पाणी भरणाऱ्या नवऱ्याला ओरडून सांगितलं. पंपाच्या आवाजात भाऊजींच्या कानावर शब्द पडले ते एवढेच: नाना, बॉडी, खांदा, फ्रेम. भाऊजी कर्तव्याला पक्के. त्यांनी बागेतूनच घराण्याच्या ग्रुपवर टाकलं, 'धुळ्याचे नाना गेले. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. दोंडाईच्याहून तर एकाने नानांचा फोटो शोधून त्याच्याभोवती झेंडूचा हारही चिकटवला.

आता खरा गाढवपणा ऐका. तो मेसेज मी वाचला आणि मला तो खरा वाटला.

सकाळी मीच त्या घरात फोन केलेला. नाना तिथेच बसलेले. पण ते कसे आहेत, हे मी विचारलंच नव्हतं. मग खोटं आहे हे मला कळणार कुठून? अक्काचा थरथरता आवाज आठवला, बंद पडलेला फोन आठवला, सगळं जुळलं. मीही ग्रुपवर लिहिलं, 'माझे गुरू हरपले.' लिहिताना खरंच रडलो. मग धुळ्याची एसटी पकडली, स्टँडवर उतरून चांगला जाड, पांढऱ्या फुलांचा हार घेतला आणि नानांच्या घरी गेलो.

नाना पलंगावर उशीला टेकून बशीतून चहा पीत होते.

अक्का दारात, शेजारच्या चार बायका ओट्यावर, आणि मी मधोमध हार घेऊन उभा. अक्काने सकाळचं माझं बोलणं शब्दन्‌शब्द ऐकवलं, तेव्हा कुठे मला घोटाळा कळला. मोबाईलवर दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो काढून दाखवले. ही बॉडी, हा तिच्यातला फुल फ्रेम सेन्सर, असं सगळं समजावलं. शेजारणी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. अक्कासुद्धा हसली. मला वाटलं, सुटलो.

नाना हसले नाहीत. त्यांनी बशी खाली ठेवली.

"सकायले तुना फोन उना," ते म्हणाले, "तवय मी कसा शे, एवढं एक इचारं असतं, तं तुना हार वाचता."

सगळे माझ्याकडे बघत होते. आता तरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि काय बोलायचं हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवलं होतं. मी पलंगाजवळ गेलो, त्यांच्या पायावर हात ठेवला आणि माझ्या तोंडून शब्द बाहेर पडले, "नाना, मग दोन्हीतली कोणती घेऊ?"

नानांनी पाय काढून घेतला आणि भिंतीकडे कूस बदलली.