अर्ध्या रोजाची हळद

मला लिहायची सवय नाही, हे नीट जमेल की नाही तेही ठाऊक नाही. पण जिवनबाईंबद्दल कुणीतरी लिहून ठेवावं असं वाटतं, म्हणून बसलो.

वसमतजवळच्या तांड्यावरून त्या एका गोदामात हळद निवडायला यायच्या. पॉलिश झालेल्या ढिगातून लांब कांड्या एका पोत्यात, गोल गट्टू दुसऱ्यात, खडे बाजूला. अठरा वर्षं हेच काम. मी तिथे वजनकाट्यावर होतो. बायका रोजानं यायच्या, नऊ ते पाच. तेवढ्या वेळात एकीच्या हातून चार पोती भरायची. तसा काही नियम नव्हता, बोटं तेवढीच चालतात.

मागच्या उन्हाळ्यात विजयकुमार नावाचे नवे मॅनेजर आले. त्यांनी सहा पोती ठरवली. दिवसाची मजुरी, म्हणजे रोज, तोच; सहा भरली नाहीत तर अर्धा. दोन दिवस बायकांनी भाकरी न खाता हात चालवले. पाच पोत्यांच्या वर कुणी गेलं नाही, सगळ्यांना अर्धाच रोज मिळाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी जिवनबाईंनी त्यांना विचारलं, काम रोजाचं की उक्तं? उक्त्यात पोत्यामागे पैसे ठरतात आणि काम उरकलं की माणूस दुपारीही घरी जातो. विजयकुमार म्हणाले, रोजाचंच. पाचच्या आत कुणी उठायचं नाही.

"मंग पोते काहून मोजता? मोजायचं उक्त्यावानी अन् बसवायचं रोजावानी?"

"जमत नसंल तर नका येऊ, मावशी. तांड्यात बाया कमी हायत का?"

"लई हायत. पर त्यांनाबी हात दोनच हायत."

त्या दिवशी जिवनबाई पूर्वीसारख्या निवांत निवडत बसल्या. जेवल्याही. पाच वाजता त्यांची चार पोती झाली, गट्टूत एकही कांडी सापडली नसती. विजयकुमारांनी सगळ्यांसमोर त्यांच्या हातावर अर्धा रोज ठेवला. त्यांनी तो कमरेला खोचला. मला वाटलं, संपलं.

पण त्या आपल्या पोत्यांकडे वळल्या. पोत्यांची तोंडं अजून शिवलेली नव्हती. शेजारीच निवडणाऱ्या सुनेला, रुपाला, त्यांनी हाक मारली आणि दोघींनी मिळून दोन पोती पुन्हा ढिगावर ओतली. दिवसभर वेगळं केलेलं सगळं एक झालं.

"आर्धा रोज, आर्धं काम. बराबर हाय ना, साहेब?"

दाराशी ट्रक भरायला उभा होता. बाकीच्या बायकाही उठून आपापल्या पोत्यांपाशी गेल्या. त्यांनीही पोत्यांचे काठ धरले. विजयकुमार आधी चिडले, मालकांना फोन लावतो म्हणाले, मग माझ्याकडे बघू लागले. मी मान खाली घातली. तेवढंच मला जमलं.

शेवटी त्यांनी सगळ्यांना पूर्ण रोज दिला. जिवनबाईंचा उरलेला अर्धा देताना ढिगाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, आता या दोन पोत्यांचं काय?

जिवनबाई चपला घालत होत्या.

"पाच वाजून गेले," त्या म्हणाल्या. "उद्या नऊला."