मोहाखालची आग

सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या पाड्यावर मोगराबाईला लोक अर्धवट म्हणतात. म्हणोत. आसपासचा कुठलाही डोंगर जळाला, की ही बाई तांब्याभर पाणी घेऊन वर चढते, राखेवर ओतून बघते आणि खाली येऊन घरोघरी सांगत सुटते. सांगायला सुरुवात मात्र दरवेळी एकाच वाक्याने करते, तेही ओरडून. नव्या सुना घाबरतात.

गोष्ट सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. मोहाची फुलं पडायची वेळ आली, की झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करायची, म्हणजे फुलं पटापट वेचता येतात. सगळ्याच बाया जाळायच्या. मोगराबाईनेही जाळला, पण त्या सकाळी वारा सुटला. फांदीने झोडपून झोडपून तिचे हात पोळले, आग काही आटोक्यात येईना. ती घरी पळाली आणि गप्प बसली. डोंगर तीन दिवस जळत होता.

जंगलखात्याचा शिपाई विचारून गेला. कुणालाच काही ठाऊक नव्हतं. शेवटी ठाकऱ्याबाबाने निकाल दिला, हा डोंगऱ्यादेवाचा कोप. ठाकऱ्याबाबा म्हणजे तिच्या नवऱ्याचा चुलता, पाड्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस. त्याने देवाला कोंबडा दिला आणि मोगराबाईच्या हातांना, काही न विचारता, कोरफडीचा गर लावला. तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

वैशाखात ती वर गेली. हात धुताना सांडलेलं पाणी जळक्या जमिनीत मुरेचना. अळूच्या पानावरून घरंगळावं तसं खाली पळालं. असा उघडा डोंगर, वळवाची एक सर आली तर सगळं पाणी नाल्यात, आणि नाल्याच्या काठावर ठाकऱ्याबाबाची झोपडी.

ती कामाला लागली. बायांना घेऊन जळके ओंडके उतारावर आडवे टाकले, त्यांना दगडांचा टेकू दिला. नाल्यात तुंबतील ती लाकडं ओढून काढली. धान्याच्या कणग्या टेकाडावर नेल्या, शेळ्या नेल्या. काठावरची चार घरं हलली. ठाकऱ्याबाबा हलेना.

“बाबा, डोंगर पानी पेत नही. वर चाल.”

“देवनी आग लाई, देवच पानी थांबाडी,” म्हातारा हसला. “कोंबडा देयेल शे मी. तू कसाले घाबरस?”

एवढंच सांगायचं होतं, की ती आग देवाची नव्हती. म्हातारा हट्टी असला तरी खुळा नव्हता, तेवढ्यावर उठला असता. वाक्य तिच्या ओठांवर आलं. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या हातांकडे गेलं.

“हात बरा व्हयनात का?”

ती मान हलवून निघून आली. उद्या सांगू, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वळीव कोसळला. काळं पाणी, राख, दगड, सगळं एकदम उतरलं. ओंडक्यांनी घटकाभर धरलं आणि तेही सुटले. बाकी सारा पाडा टेकाडावर सुखरूप उभा होता. मोगराबाई काठाकडे तोंड करून ते वाक्य ओरडत होती, पुन्हा पुन्हा. ठाकऱ्याबाबा दारात उभा होता. पाण्याच्या आवाजात त्याला काही ऐकू येईना. त्याने कानामागे हात धरला. मग दारही राहिलं नाही.

अजूनही कुणाच्या दारात गेली, की तिला तो कानामागचा हात दिसतो.

“ती आग मीच लाई व्हती,” ती ओरडते. “आते वर चाला.”