चोराला हॅड, पोलिसांना नाही

गुडगावला बसमधून उतरले तेव्हा पायाखाली रस्ता कमी आणि रेती जास्त होती... समोर काचेची नवी इमारत, शेजारी खोदलेला खड्डा, खड्ड्याकाठी म्हशी. मेट्रोचं नावही अजून कुणी घेत नव्हतं.

मी मुलाखतीला आले होते. परदेशी ग्राहकांच्या तक्रारींना इंग्रजीत उत्तरं लिहायची नोकरी. यांना जाऊन पाच महिने झाले होते, लेक मृणाल नववीत, सरकारी क्वार्टर रिकामं करायची नोटीस आलेली. अनुकंपा तत्त्वावरच्या नोकरीची फाईल काही हलत नव्हती.

माझं इंग्रजी घरीच शिकलेलं. यांचा पेपर वाचून झाला की माझी पाळी... डिक्शनरी पोळपाटाशेजारी.

मुलाखत घेणाऱ्या खन्ना मॅडमनी कालच्या दिवसावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी झरझर लिहिल्या. त्या लाल पेनने गोल काढत गेल्या, काढतच गेल्या...

"बहनजी, ये हॅड की फैक्टरी क्यों खोल रखी है?"

आपण म्हणतोच ना, काल बाजारात गेले होते, भाजी आणली होती... प्रत्येक 'होते'ला मी इमानदारीत एक हॅड दिला होता. पंधरा दिवसांनी पुन्हा येऊ का, विचारलं. "आ जाइए," म्हणाल्या, पण विश्वास नव्हता.

व्याकरणाच्या पुस्तकातले नियम डोक्यात राहीनात. मग पेपरातल्या चोरीच्या बातम्या घेतल्या. पोलीस पोचले, त्याआधीच चोर पळालेला. जो आधी पळाला त्याला हॅड, मागून पोचणाऱ्या पोलिसांना नाही. आणि नुसती एकच गोष्ट घडली असेल तर कुणालाच नाही.

रोज सकाळी मी अशा बातम्या कापून वहीत चिकटवायची. मृणाल म्हणायची, "आई, तुला नोकरी हवीय की घरफोडी करायचीय?" कितीतरी दिवसांनी आम्ही दोघी हसलो.

दुसऱ्या खेपेला मॅडम म्हणाल्या, "ज़िंदगी का कोई भी एक दिन." मी काही ठरवलं नव्हतं... पेन आपणच त्या दिवसाकडे गेलं. चहा ठेवला. फोन आला. रिक्षा मिळाली नाही, बसने गेले. हॉस्पिटलचे जिने चढले. सगळं साधं, एकामागून एक.

शेवटच्या ओळीपाशी हात थांबला.

सासूबाईंना मी सांगितलं होतं, मी पोचले, यांनी माझ्याकडे पाहिलं, मग गेले. पुढे सगळ्यांना तेच सांगत राहिले... पण तसं झालं नव्हतं. मी पोचले त्याआधीच हे गेलेले होते.

मी तसंच लिहिलं. दहा ओळींत एकच हॅड.

मॅडमनी कागद दोनदा वाचला. लाल पेनचं टोपण उघडलं नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "सोमवार से आ सकती हैं?"

तो कागद मी मागून घेतला. पुढे त्याच ऑफिसात इंग्लिश मीडियमच्या मुलींची पत्रं मी तपासली. कुणी होलसेलमध्ये हॅड वाटले की विचारायची, "बेटा, इसमें चोर कौन है?"

सासूबाई आता नाहीत, म्हणून आज लिहितेय. त्यांना खरं सांगायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही. पण एकदा, परक्या भाषेत का होईना, मी ते जसं घडलं तसं लिहिलं... आणि त्या कागदावर एकही लाल गोल नाही.