नीमडीचं पाणी

पोस्टमन खुमाणसिंह हा हरभाणोत राठोड. एकेकाळी या कुळाचा दरारा सतरा गावांवर होता. आता दोनच गोष्टी उरल्या होत्या, मिशा आणि आण. नऊ पिढ्यांपूर्वी शेजारच्या नीमडीवाल्यांनी त्यांची घोडी पळवली, तेव्हा पूर्वजांनी आण घातली, की घोडी आपल्या वेशीत परत येईपर्यंत नीमडीच्या पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सतरा गावांतले न्हावी, कुंभार, एवढंच काय, जावईसुद्धा ती पाळत.

आणि टपाल वाटायला खुमाणसिंहाच्या वाट्याला नेमकी नीमडीच आली. फौजेतून हवालदार म्हणून परतल्यापासून बावीस वर्षं तो रणरणत्या उन्हात सायकल हाणत तिथे जात होता. बरोबर नेलेलं पाणी दुपारपर्यंत संपून जाई. तिथली म्हातारी धापूकाकी त्याच्याकडून मुलाची पत्रं वाचून घ्यायची, आणि घशाला कोरड पडलेला माणूस दारातून तसाच जातो, हे तिला बघवत नसे. ताक चालेल का, असं खुमाणसिंहाने कुळातल्या जाणत्यांना विचारलं. दोन दिवस खल झाला. ताकात पाणी असतं, दुधात नसतं, असा निवाडा निघाला. तेव्हापासून काकी त्याला रोज पेलाभर दूध पाजू लागली. खुमाणसिंहाचं पोट सुटलं, पण आण काही सुटली नाही.

निवृत्तीला आठ दिवस उरले, तशी त्याला एकच रुखरुख लागली. या बाईच्या हातचं घोटभर पाणी न पिताच आपण जाणार. एकदा त्याने तिला तसं बोलून दाखवलं. काकी सरळ कुंभारवाड्यात गेली.

शेवटच्या दिवशी तिने गोधडीत गुंडाळलेली मातीची घोडी त्याच्या सायकलला बांधली.

“आमच्या बापजाद्यांनी नेली होती, ती परत घ्या,” ती म्हणाली.

खुमाणसिंहाच्या गावच्या वेशीत सगळे जमले. कुळाचे प्रमुख असलेल्या ठाकूरसांनी घोडी चहूबाजूंनी निरखली. ही तर मातीची, असं कुणीतरी कुरकुरलं. वडीलधाऱ्यांपुढे कधी तोंड न उघडलेला खुमाणसिंह त्या दिवशी बोलला.

“ठाकूरसा, घोडी परत यावी, एवढंच आणेत आहे. तिनं गवत खावं, असं कुठं म्हटलंय?”

ठाकूरसा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग मिशा सारख्या करून त्यांनी हरभऱ्याची पाटी मागवली आणि घोडीपुढे ठेवली. आण फिटली.

दुसऱ्या दिवशी खुमाणसिंह पिशवी न घेताच नीमडीला गेला. सवयीने काकी दुधाचा पेला घेऊन बाहेर आली.

“काकीसा, आज पाणी द्या.”

काकीचे डोळे भरून आले. तिने लोटा आणला. खुमाणसिंहाने तो तोंडाला लावला. पाणी चांगलंच खारट होतं.

“एवढ्यासाठी बावीस वर्षं थांबलो?” तो म्हणाला. “घोडी परत आणून देऊ का?”

“तोंड आवरा, हवालदार. अजून हवंय का?”

खुमाणसिंहाने रिकामा लोटा पुढे केला.