आप्पांच्या फॉर्मवरचा एक 'नाही'

आत्ताच आई, आप्पा आणि मी सांगलीहून मलकापूरला परतलोय. अंगात त्राण नाही, पण हे कुणाला तरी सांगायलाच हवं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, फौजेतून रिटायर झालेले. अटॅकनंतर हृदय दुबळं झालंय. कुणीतरी त्यांना व्हिडिओ पाठवला, की एमआरआयमध्ये बघत बघत नळीनं हृदयाच्या निकामी भागात स्टेम सेल सोडतात. तेव्हापासून तेच डोक्यात. डॉक्टरांनी दहादा सांगितलं, हे अजून प्रयोगातच आहे. आधी साधा एमआरआय करून हृदय किती शाबूत आहे ते तरी बघू.

तो आज होता. फॉर्म नेहमीसारखा मीच भरला. सगळ्या प्रश्नांपुढे 'नाही'. आप्पांना विचारलंसुद्धा नाही.

आत नेताना टेक्निशियननं त्यांनाच विचारलं, "काका, अंगात कुठं धातू, गोळी, छर्रा?"

"हाय की. मांडीत छर्रा हाय."

ते मशीन म्हणजे केवढा मोठा चुंबक! तपासणी तिथंच थांबली. आता आधी एक्स-रे, मग डॉक्टर ठरवणार.

आई बाकावरून उठली. "आवं, कवा लागला? तो व्रण तारेचा म्हणाला हुता न्हवं?"

"थोरलीच्या बारशाला आलो न्हाई, तवा."

थोरली म्हणजे मी. 'सुट्टी मिळाली नाही' असं त्यांनी तेव्हा पत्रात लिहिलं होतं. आई अजून दर भांडणात ते बारसं काढते.

परतताना एसटीत तिनं त्यांना खिडकीची जागा दिली.

घरच्यांचे फॉर्म भरताना तुम्ही त्यांना विचारता का हो?