आडवी काठी

माझ्या वडिलांना, खंडेराव सोनवण्यांना, कुठलीच गोष्ट अर्धवट सोडलेली खपत नाही. ताटात भाताचं शीत राहिलं तरी आधी ताटाकडे बघतात, मग माझ्याकडे. जन्म नामपूरचा, सगळी नोकरी धरणांच्या खात्यात. आता इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये ते आणि मी. मी बत्तीस वर्षांची, बिनलग्नाची आणि त्यांच्या मते दिवसभर लॅपटॉपशी बोलणारी. आई जाऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे भांडायलाही आम्ही दोघंच.

डिसेंबरात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या भाजीत, झोपेत आणि नोकरीत इतक्या चुका काढल्या की मी वैतागून जुना लॅपटॉप त्यांच्यापुढे ठेवला आणि एक गेम लावून दिला. त्यात डोंगरातलं एक खोरं आहे. आपण तिथं गवंडी म्हणून जायचं, पूल बांधायचे, पाट काढायचे, लोकांशी ओळखी करायच्या.

"तुमचाच विषय आहे," म्हटलं. "खेळा."

खेळले. चष्मा नाकावर ओढून, वहीत मापं लिहून खेळले. तीन पूल, दोन पाट, शाळेचं छप्पर. अठराव्या दिवशी गेम संपला आणि मला स्वयंपाकघरात आरोळी ऐकू आली. बाबा चिडले की त्यांची अहिराणी वर येते.

"वेदिका! हाऊ काय शेवट शे?"

शेवट असा, की खोऱ्यात धरणाचं पाणी शिरतं. काहीही करा, शिरतंच. पूल बुडतात, शाळा बुडते, मग काळ्या पडद्यावर माणसांची नावं एकेक करून येतात. संपलं.

"एवढं बांधून घेतलं आणि बुडवलं? थांबवायचा काही मार्ग तरी ठेवायचा! आणि शेवटी काय, तर बावीस नावं. हजेरीपट आहे का हा?"

"बावीसच?" मी म्हटलं. "मला चौतीस आली होती. मी रडले होते ती वाचून."

मी पोळ्या लाटायला गेले, पण त्यांना ते लागलं. पोरीचं काम आपल्यापेक्षा पुरं निघालं, हे कसं पचावं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गेम पहिल्यापासून सुरू केला. मी चहा देताना मुद्दाम विचारायचे, "किती नावं झाली?" ते हातानं वही झाकायचे.

एका दुपारी जेवायला हाक मारली तर उठेनात. पडद्यावर एक बंद घर होतं आणि त्यांचा गवंडी ओट्यावर नुसता बसला होता. तिथं दिवस मावळेपर्यंत थांबावं लागतं. मग घरातली बाई मोळी घेऊन येते आणि आपलं नाव सांगते. ज्यांच्या दारात थांबलो, त्यांचीच नावं शेवटी येतात. पहिल्या वेळी बाबा अशा बारा घरांवरून पुढे निघून गेले होते. दार बंद होतं आणि पूल बांधायचा राहिला होता.

"शेवट वाईट नव्हता गं," ते म्हणाले. "पाणी तर येणारच असतं. मीच घाईत होतो."

मी चिडवणारच होते, पण त्यांनी ताट तसंच ठेवून दिलं. भात, भाजी, सगळं. संध्याकाळी मला माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. आत नोकरीतल्या डायऱ्या होत्या.

तेवीस वर्षांपूर्वी पेठकडच्या एका खोऱ्यात धरण व्हायचं होतं आणि बुडणाऱ्या घरांची मोजणी बाबांकडे होती. महिना जानेवारीचा. तेव्हा तिकडची बरीच माणसं द्राक्षबागांत कामाला गेलेली असतात, ती होळीला परततात. तिथल्या पाड्यांवर घर सोडून जाताना कुलूप लावत नसत, दाराला आडवी काठी लावत. याचा अर्थ, आम्ही येणार आहोत. गोटीराम कोतवालानं बाबांना सांगितलंही होतं, "सायेब, काठी हाय. होळीला येतील." पण यादी महिनाअखेर द्यायची होती. डायरीत बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'झुंबरबाई केरू. घर बंद. रहिवास नाही.'

यादीत नाव नाही म्हणून नव्या गावठाणात तिला जागा मिळाली नाही.

मला त्यांचा राग आला आणि राग आल्याचं वाईटही वाटलं. रस्त्यात सापडलेली पेन्सिल परत द्यायला मला शाळेत पाठवणारा माणूस हा.

"लेखी देतो," ते म्हणाले. "त्यावर तिला अर्ज करता येईल. मिळेल, न मिळेल."

दोन दिवसांनी त्यांनी मला मजकूर दाखवला. अक्षर सुरेख. 'सदर घराची नोंद नजरचुकीने राहून गेली.'

"नजरचुकीने?" मी विचारलं. "काठी दिसली होती ना?"

"वेदू, सरकारी भाषा अशीच असते."

"दिसली होती की नाही?"

त्यांनी कागद माझ्या हातातून काढून घेतला. पुढचे काही दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

होळी झाल्यावर आम्ही गाडी करून गेलो. त्याआधी जाण्यात अर्थ नाही, हे बाबांना आता पक्कं कळलं होतं. गावठाणातल्या लोकांनी वरच्या पाड्याकडे बोट दाखवलं. झुंबरबाई तिथं भावाच्या पडवीत राहते. साठीच्या पुढची, वाळकी, सुपात तांदूळ घेऊन बसली होती. बाबांनी उभ्यानंच नाव सांगितलं, खातं सांगितलं, वर्ष सांगितलं.

"मंग तुमीच का ते?" ती म्हणाली. सूप मांडीवर ठेवलं. "काठी नवती का दाराला?"

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत नव्हतं.

"आमी होळीला आलो तं काठी खाली पडेल व्हती. माझ्याच हातानं लावली व्हती मी. माझा नवरा केरू म्हनायचा, तूच सैल लावली, म्हनून सायेबाला दिसली नाय, म्हनून घर गेलं. मरेस्तवर हेच म्हनायचा. दोन वर्सं झाली त्याला जाऊन."

बाबा पडवीच्या कडेवर बसले. ऑपरेशन झालेला गुडघा नीट वाकत नव्हता, तरी बसले. मला वाटलं, आता सरकारी भाषा काढतील. त्यांनी खिशातला कागद मांडीवर पसरला, 'नजरचुकीने'चं अख्खं वाक्य खोडलं आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. लिहायला फार वेळ लागला.

"सैल नव्हती," ते म्हणाले. "घट्ट होती. मी पाहिली होती."

मग त्यांनी तिला वाक्य वाचून दाखवलं. 'दाराला आडवी काठी लावलेली पाहूनही मी रहिवास नसल्याचे लिहिले.'

"फिरून वाचा," झुंबरबाई म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाचलं. तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"हे केरूला ऐकवाया पायजे व्हतं," ती म्हणाली.