निकाल मातीचा, गोष्ट वहिनींची

दादाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसातून निघून नुकतीच रिक्षात बसले होते. “मीरा, बोरीला ये,” एवढंच तो म्हणाला आणि पुढे त्याला बोलता आलं नाही. वहिनी गेल्या हे मला त्या न बोलण्यातूनच कळलं... उज्वला वहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, बोरीच्या शाळेतल्या गणिताच्या बाई. आजार काही महिने चालला होता, परभणीच्या दवाखान्यातून त्यांना नुकतंच घरी नेलं होतं. मी रिक्षावाल्याला बसस्थानकाकडे वळायला सांगितलं. पुढच्या दिवसांत घरी माणसांची रीघ लागली. शाळेतली मुलं, शिक्षक, गावच्या बाया, पाहुणे. आणि एके दुपारी चार-पाच तरुण आले, ज्यांना आमच्यापैकी कोणीच ओळखत नव्हतं. कोणी नागपूरकडचा, कोणी कोल्हापूरचा. अंगात काळे टी-शर्ट आणि त्यांवर आरोळ्या ठोकणाऱ्या परदेशी पैलवानांची चित्रं. सुतकाच्या घरात असले कपडे पाहून आमच्या आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यातला एक पोरगा माझ्या वडिलांच्या, तात्यांच्या, पाया पडला आणि म्हणाला, “आम्ही मॅडमच्या ग्रुपमधले.” नव्वदीला टेकलेल्या तात्यांनी त्याच्या छातीवरचं चित्र डोळे बारीक करून पाहिलं. “बसा,” ते म्हणाले. “माज्या सुनंच्या फडातले हाव म्हना की तुमी.”

त्या पोरांना तात्या असं म्हणाले, त्यामागे पंचवीस वर्षांची भांडणं आहेत. तीच सांगायची आहेत.

तात्या त्यांच्या उमेदीत जिल्ह्यात नाव असलेले पैलवान. लाल मातीवर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा. वहिनी गंगाखेडच्या. लहानपणी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर त्यांनी अमेरिकेतली कुस्ती पाहिली आणि त्या तिच्या प्रेमात पडल्या त्या कायमच्या. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात संध्याकाळचा स्वयंपाक उरकून त्यांनी टीव्ही लावला. तात्यांची गदा घेतलेली तसबीर जिथे टांगली होती, तिच्या बरोब्बर खाली एक मुखवटा घातलेला माणूस दुसऱ्याच्या डोक्यात खुर्ची घालत होता. तात्या दारातून आत आले आणि थबकले. आमच्याकडे आधीच ठरवून खेळलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात. पैलवानाच्या घरात तो शब्द शिवीसारखा.

“हे नुरा हाय,” तात्या म्हणाले. “माज्या घरात नुरा चालनार न्हाई.”

मी तेव्हा कॉलेजात होते. नवी सून टीव्ही बंद करील असंच मला वाटलं होतं. वहिनी पदर सावरून उभ्या राहिल्या, पण टीव्ही बंद केला नाही. “तात्या, नुरा म्हंजी फसवनूक,” त्या म्हणाल्या. “हितं कुनीच कुनाला फसवायलं न्हाई. कोन जिंकनार ते ठरलेलं हाय, हे त्यायला म्हाईत हाय अन् मलाबी. पर पाठ खरीच आपटती का न्हाई, बघा.” तात्या अंगणात निघून गेले. पुढच्या आठवड्यात ते त्याच वेळी ओसरीवर, टीव्हीकडे पाठ करून बसले. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी पाठ केलेलीच होती, पण आतून धप्प आवाज आला तेव्हा विचारलं, “पडला का?”

वहिनींचं खरं वेड मात्र पाहण्याच्या पुढचं होतं. या कुस्तीत कोणाची गाठ कोणाशी घालायची, कोणाला जिंकवायचं, वैर कुठून सुरू करून कुठे संपवायचं, हे ठरवणारा एक माणूस असतो, त्याला बुकर म्हणतात. जगभरचे चाहते घरी बसून, आपण बुकर असतो तर काय केलं असतं, याचे बेत रचतात. वहिनी शेंगा निवडता निवडता हे करायच्या. त्यांना परदेशी पैलवान पुरेनात, तेव्हा त्यांनी स्वतःची एक कुस्ती कंपनीच मनात काढली. गोदाकाठ कुस्ती मंडळ. त्यात उसाच्या फडातून आलेला भैरू मोळीवाला होता, कायम काखेत छत्री घेऊन येणारा लबाड मुनीम होता, आणि कधीच न बोलणारी, सगळ्यांना चीत करणारी एक बाई होती, जिचं नावच ‘मावशी’. वहिनींचे आईवडील तेव्हा जिंतूरला राहायला आले होते. वडील आजारी असल्यामुळे वहिनी काही वर्षं तिथूनच रोज बोरीला शाळेत येत. शिक्षकांच्या जीपमध्ये आठवड्याच्या लढती त्या तोंडी सांगायच्या, आणि भैरूला दर वेळी हरवायच्या.

एकदा मी त्या जीपमध्ये होते. भूगोलाचे एक गंभीर सर, ज्यांनी टीव्हीवरची कुस्ती जन्मात पाहिली नसेल, ते हात जोडून म्हणाले, “बाई, आता तरी त्या भैरूला जिंकू द्या हो. बिचाऱ्यानं किती मार खायचा?”

“अजून न्हाई सर,” वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “अजून तुमाला त्याची दया यायली. दया जाऊन राग आला पायजे. मग जिंकवते.”

पुढे ज्या सकाळी भैरूने मुनिमाची छत्री मोडून त्याला चितपट केलं, त्या सकाळी म्हणे ड्रायव्हरने जीप कडेला घेतली आणि सगळे शिक्षक टाळ्या पिटत खाली उतरले. शाळेला उशीर झाला. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर भूगोलाचे सर म्हणाले, “भैरू जिंकला.”

मोबाइल आल्यावर वहिनींना आपल्यासारखे आणखी वेडे सापडले. फोनवरच्या त्या ग्रुपमध्ये त्यांचं नाव नुसतं ‘बोरी’ होतं. पोरं त्यांना “बोरीभाऊ” म्हणायची, आणि वहिनींनी ते मजेत चालू दिलं होतं. एकदा कुठल्याशा लढतीवरून वाद पेटला आणि टाइप करून करून कंटाळलेल्या वहिनींनी आवाज पाठवला. मागे कुकरची शिट्टी, आणि वर बाईंचा शाळेत कमावलेला खणखणीत आवाज, “गप बसा रे सगळे, आता मी सांगते.” ग्रुपमधला बोरीभाऊ तिथेच संपला. नंतर एकाने लिहिलं, “सांगा मॅडम.” सुतकात आलेली पोरं ती हीच.

आता बोरीच्या फडाची गोष्ट. ती मी ज्याला त्याला सांगत आले आहे. आमच्या जत्रेतला कुस्त्यांचा फड एकेकाळी लांबलांबची माणसं खेचायचा. हळूहळू तो ओस पडत गेला. पैलवान यायचे, हलगी वाजायची, पण बघायला पाठीमागे म्हातारे तेवढे. एका वर्षी जत्रा कमिटीने ठरवलं, फड बंद करू, त्याऐवजी ऑर्केस्ट्रा आणू. तात्या कमिटीत होते. ते घरी आले, पागोटं खुंटीला अडकवलं आणि जेवायला बसले ते ताटाला हात न लावताच. वहिनी त्यांच्यासमोर बसल्या.

“तात्या, औंदा जोड मी लावू का?”

जोड लावणं म्हणजे कोणाची कुस्ती कोणाशी, ते ठरवणं. ते वस्तादांचं काम. बाईचं तर नाहीच नाही. तात्यांनी ताट पुढ्यात ओढलं.

“निकालाला हात लावायचा न्हाई,” ते म्हणाले.

“न्हाई लावत. निकाल मातीचा. गोष्ट तेवढी माजी.”

कमिटीत गोंधळ झाला. एक जण म्हणाला, फडाच्या कामात बाई कशी? तात्या म्हणाले, “तुज्या ऑर्केस्ट्रात बाया न्हाईत का रे? तिथं चालत्यात अन् हितं चालत न्हाईत?” विषय संपला.

मग वहिनी कामाला लागल्या. सुट्टीच्या दिवशी दादाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्या तालमी-तालमींत गेल्या. प्रत्येक पैलवानाला एकच विचारायच्या, “तुला कुनी पाडलं होतं, ज्याच्याशी परत लढावं वाटतं?” कोणी लाजायचा, कोणी चिडायचा, पण प्रत्येकाकडे एक नाव असायचंच. त्या नावांवरून त्यांनी जोड लावली आणि जत्रेच्या आधी कितीतरी दिवस गावोगावच्या फोनवर आपल्या आवाजात गोष्टी सोडल्या, या दोघांचं काय राहिलंय, कोण कोणाची वाट बघतोय. आणि मधोमध ठेवली पोरींची कुस्ती. बोरीत ती पहिलीच. एकीकडे आमच्या गावची पूजा, वहिनींची विद्यार्थिनी. दुसरीकडे गंगाखेडकडची सारिका, जिने पूजाला आधी एका स्पर्धेत पाडलं होतं.

त्या दिवशी बोरीत माणूस मावेना. घरांच्या माळवदांवर, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत, झाडांवर. माइकवर वहिनी होत्या. पूजा मातीत उतरली तेव्हा हलगीचा आवाज बुडाला एवढा गलका झाला. दोघींनी शड्डू ठोकले, हात भिडले... आणि आपण अजून पुढे सरकून जागा धरतोय तोवर सारिकाने धोबीपछाड मारून पूजाला चीत केलं. संपलं. एवढ्या दिवसांची उभी केलेली गोष्ट, आणि आमची पोरगी आभाळाकडे बघत पडलेली.

मग मागून कोणीतरी ओरडलं, पाठ टेकलीच नव्हती. आणखी आवाज उठले. कमिटीतला तोच ऑर्केस्ट्रावाला माणूस वहिनींजवळ धावत आला. मी शेजारीच उभी होते. “बाई, बरोबरीत सुटली म्हणून सांगून टाका. पब्लिक उठायलंय. पंचाला मी बघतो.” वहिनींनी आधी तात्यांकडे पाहिलं. तात्या खुर्चीत ताठ बसले होते, काठीवर दोन्ही हात. त्यांनी काहीच खूण केली नाही.

वहिनींनी माइक तोंडाशी नेला. “पाठ टेकली,” त्या म्हणाल्या. “मी पाहिली, तुमीबी पाहिली. जिंकली सारिका.” लोक कुरकुरले. त्या थांबल्या नाहीत. “या एवढ्या मैदानात तिच्या बाजूनं एकच मानूस ओरडायला होता, तो बघा, तिचा बाप, त्या खांबापाशी. एवढं गाव विरोधात असताना ही पोरगी मातीत उतरली. बोरीच्या लोकायला कुस्तीची कदर हाय असं मी ऐकून हाय.” आता कुरकुर थांबली. वहिनींचा आवाज खाली आला. “पूजा, पुढच्या वर्षी हिच्याशी लढनार का?” पूजा रडत होती. तिने मान हलवली. “मान नको, बोल.” “लढनार!” पूजा ओरडली. “मग तिला तूच आवतन दे.” पूजाने डोळे पुसले, गेली, आणि सारिकाचा हात धरून वर केला.

मैदानातून तेव्हा उठला तसा आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. आणि त्या आवाजात तात्या उठले, काठी तिथेच टाकून, स्वतःचं पागोटं काढलं आणि गंगाखेडच्या त्या पोरीच्या मातीने भरलेल्या डोक्यावर ठेवलं.

पुढच्या वर्षी गर्दी दुप्पट होती. दोघींची कुस्ती इतकी लांबली की शेवटी पंचांनी ती खरोखरच बरोबरीत सोडवली, आणि कोणाची काही तक्रार नव्हती. आता दोघी परभणीत एकाच ठिकाणी सराव करतात. फड दर वर्षी भरतो. पण मला आठवतं ते त्या पहिल्या संध्याकाळचं. चुलीपाशी पाय पसरून बसलेल्या वहिनींना मी म्हटलं, “तुमच्या गोदाकाठ मंडळात असती तर पूजा जिंकली असती ना?” “न्हाई, मीबी हरवलंच असतं,” त्या म्हणाल्या. “पर एवढ्या लवकर न्हाई ओ मीराताई... जरा तरी चालवली असती!” आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो.

दवाखान्यातल्या शेवटच्या भेटीतही बोलणं याच वळणावर आलं. खूप बारीक झाल्या होत्या. आवाज मात्र तोच. “आमच्या टीव्हीवरल्या कुस्तीत एक रीत हाय,” त्या म्हणाल्या. “जो कायमचा जानार आसतो ना, तो शेवटची लढत हरतो. आपलं सगळं नाव मागं ऱ्हानाऱ्याला देऊन जातो. जिंकून गेला तर लोक म्हनतेत, काही देऊन गेला न्हाई.” मी विचारलं, “मग तुमी कुणाला देऊन चालल्या?” त्या हसल्या. “ते बघायलेय अजून. बुकरला घाई नका करू.”

गेल्या आठवड्यात मी बोरीला गेले होते. टीव्हीची ती खोली तशीच आहे. संध्याकाळी तात्या स्वतः भिंत धरत धरत येऊन बसले आणि म्हणाले, “लाव.” लढत सुरू झाली. एका भल्या पोराला तिघांनी मिळून बडवलं आणि लबाडीने हरवलं. तात्या खवळले. “उज्वला, हे काय लावलंय यायनी?” त्यांच्या तोंडून निघून गेलं. मी टीव्ही बंद करायला उठले.

दादा दारात उभा होता. एवढ्या वर्षांत तो या कुस्तीला कधी बसला नाही, टीव्ही लागला की रानात नाहीतर पारावर जायचा. तो आत आला, तात्यांच्या शेजारी सतरंजीवर बसला. थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “थांबा तात्या. त्याला अजून दोन-तीनदा तरी हरू द्यायला पायजे.”

तात्यांनी मान वळवून लेकाकडे पाहिलं. “अन् मग?” त्यांनी विचारलं.

दादा जरा पुढे सरकला आणि सांगायला लागला.